चोवीस तासांची बाई

दवाखान्यातून आज सोडणार, हे सकाळच्या राउंडला कळतं. बिल व्हायला दुपार उलटते आणि दिवेलागणीला पेशंट घरी येतो. खुब्याचं हाड मोडलेली आजी किंवा अर्धांगाचा झटका आलेले आजोबा स्ट्रेचरवरून आत येतात, तेव्हा डायपर कोणत्या मापाचा आणायचा हेही घरात कुणाला ठाऊक नसतं. 'माणूस ठेवायला हवा' हा निर्णय बहुतेक घरांत याच पाच-सहा तासांत होतो. वॉर्डातल्या आयाबाई कुणाचा तरी नंबर देतात, औषधांच्या दुकानात काउंटरच्या काचेला एखाद्या ब्यूरोचं कार्ड चिकटवलेलं असतं, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'आमच्या सासूबाईंना होत्या त्या फार चांगल्या होत्या, विचारून बघते.' रात्री आठला एक बाई कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहते. काम काय आहे हे तिला धड सांगितलेलं नसतं, कारण सांगणाऱ्यालाच ते माहीत नसतं. फ्रिज घेताना आपण याहून जास्त चौकशी करतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्या-मुंबईत, आणि आता नाशिक, कोल्हापूर, नागपूरपासून पणजी-मडगावपर्यंत, पेशंट सांभाळण्याचा हा व्यवसाय घराघरांत शिरला आहे. तो कुठून आला, कसा चालतो, त्यात कोण भरडतं आणि त्याला कायदा किती लागू पडतो, हे एकत्र पाहायला हवं. 'चांगली बाई मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. माझं मत असं की तिचं मूळ बायांमध्ये कमी आणि आपण मालक झालो आहोत हे घरांनी अजून कबूल न करण्यात जास्त आहे.

आधी व्याप पाहू. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसं सुमारे १०.४ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात, गोव्यात अकराच्या पुढे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांच्या २०२३च्या अहवालानुसार २०५० साली देशात दर पाच माणसांत एक साठीपुढचा असेल. स्मृतिभ्रंशाचा अंदाज याच संस्थेच्या वार्धक्य-पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासातून आला आहे: साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. अशा माणसाला औषध कमी आणि सोबत जास्त लागते, तीही वर्षानुवर्षं.

'पूर्वी घरात माणसं होती, आता नाहीत' असं म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. माणसं होती म्हणजे सुना होत्या, आणि एखादी विधवा आत्या किंवा मावशी आश्रित म्हणून असायची. अंथरुणाला खिळलेल्यांची उस्तवार त्यांच्या अंगावर पडे आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नसे. उरलेली अर्धी गोष्ट वैद्यकाची आहे. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पूर्वी फार दिवस काढत नसे. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साठायचा आणि सारं संपायचं. आज शस्त्रक्रिया होते, अँटिबायोटिक असतं, नाकातून नळी घालून पोटात अन्न जातं, हवेची गादी जखमा लांबवते. आयुष्य दोन-चार वर्षांनी वाढतं आणि ती वर्षं कुणाच्या तरी हातांवर उभी असतात. ते हात आता बाहेरून आणावे लागतात. मुलगी नोकरीवर असते, मुलगा न्यू जर्सीत किंवा बेंगळुरूत असतो, आणि दुसरा पेन्शनर, म्हणजे आजारी माणसाचा जोडीदार, स्वतःच पंचाहत्तरीचा असतो.

पगार घेऊन परक्याची शुश्रूषा करणं महाराष्ट्राला नवं नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथून विधवा आणि गरजू बायकांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं जाऊ लागलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, भांडी उचलायची, हे काम भल्या घरच्या बाईनं कसं करावं, म्हणून केवढा गहजब झाला होता. पुढे परिचर्या हा प्रतिष्ठेचा व्यवसाय झाला. अभ्यासक्रम ठरले, १९४७च्या कायद्यानं भारतीय परिचर्या परिषद आली, नोंदणीशिवाय नर्स म्हणवून घेता येईना. पण भांडी उचलणारी, अंग पुसणारी, कूस बदलणारी आया त्या नोंदणीच्या बाहेरच राहिली. आज आपल्या घरी येते ती या दुसऱ्या फांदीवरची.

घरी येणारा माणूस नक्की कोण, हा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ब्यूरोच्या बोलण्यात सगळ्याच 'सिस्टर' असतात. प्रत्यक्षात एएनएम किंवा जीएनएम होऊन परिषदेकडे नोंद असलेली परिचारिका फार थोड्या घरांत येते, आणि तिचे पैसेही वेगळे असतात. काही जणींनी एखादा सहा महिन्यांचा कोर्स केलेला असतो, त्यात काही कोर्स बरे तर काही नुसत्या प्रमाणपत्राचे. सगळ्यांत मोठा भाग अशा बायकांचा, ज्या लातूर, नांदेड, परभणी, बीड, यवतमाळ इकडून किंवा थेट झारखंड-आसामातून आल्या आहेत आणि पहिल्या पेशंटच्या अंथरुणाशीच काम शिकल्या आहेत. नवऱ्यानं टाकलेली, नवरा गेलेली, मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडणारी, अशा कहाण्या त्यांच्यात घरटी एक. पुरुष पेशंटला उचलायला 'मामा' किंवा 'ब्रदर' लागतो. तो कमी मिळतो, म्हणून महाग पडतो.

नळी घालणं, कॅथेटर बदलणं, इन्सुलिनचा डोस ठरवणं, सक्शन करणं ही नर्सची कामं. साध्या अटेंडंटनं ती करू नयेत. तरी घरोघर ती तिच्याकडून करून घेतली जातात, आणि काही बिघडलं की 'बाईनं केलं' असं म्हणायला घर मोकळं. उलट टोकही असतं. पेशंट झोपला आहे तोवर पोळ्या लाट, भांडी घास, नातवाला बसवरून आण. 'आम्ही घरकामवाल्या नाही, पेशंटवाल्या' हे वाक्य या बायका इतक्या ठासून का म्हणतात, हे अशा एका घरात दोन दिवस काढले की समजतं. पेशंटचं जेवण, कपडे, खोली एवढं तिचं, बाकी घराचं नाही, हे पहिल्या दिवशी बोलून घेतलं तर निम्मी भांडणं होत नाहीत.

तिला काम येतं की नाही हे कसं ओळखावं? प्रमाणपत्रापेक्षा एक चाचणी मला खात्रीची वाटते: पेशंट पलंगावर असताना खालची चादर बदलून दाखवायला सांगावी. जाणती बाई आधी लघवीची पिशवी कुठे अडकवली आहे ते पाहील, नळी ताणली जाणार नाही अशी करून घेईल. मग तोंडानं सांगेल, 'आजी, आता भिंतीकडं वळायचंय हं.' दंडाला धरून ओढणार नाही. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली घालून अख्खं अंग एकदम कुशीवर घेईल. मळकी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत आणेल, तिला लागून नवी अर्धी पसरेल, उरलेली अर्धी वळकटी करून ठेवेल. मग पलंगाला वळसा घालून पेशंटला त्या उंचवट्यावरून अलीकडे घेईल आणि पलीकडून जुनी काढून नवी ओढेल. ही अदलाबदल चालू असताना माकडहाडावर आणि टाचेवर तिची नजर जाते का, हे पाहावं. तिथली कातडी लाल दिसली आणि बोटानं दाबूनही लाली गेली नाही, तर जखम सुरू झाली. शेवटी ती चादरीवरून तळहात फिरवेल. वृद्धांच्या कातडीला सुरकुतीही बोचते. हे सगळं दहाएक मिनिटांत होतं. ज्या बाईला हे येतं तिला भरवणंही येतं: उठवून बसवायचं, हनुवटी जरा खाली, घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास नाही, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आडवं भरवल्यानं ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. 'काही खास झालं नव्हतं हो, नुसता ठसका लागला' म्हणून दवाखान्यात परत गेलेले पेशंट कितीतरी.

आता तासांचा हिशेब, कारण या धंद्याचं मोजमापच तासांत आहे. बारा तासांची ड्यूटी, दिवसाची किंवा रात्रीची. नाहीतर चोवीस तासांची बाई, म्हणजे राहायला असलेली. पुण्या-मुंबईत बारा तासांच्या साध्या अटेंडंटला महिन्याला साधारण अठरा ते पंचवीस हजार पडतात आणि चोवीस तासांच्या बाईला पंचवीस ते पस्तीस. म्हणजे तास दुपटीनं वाढतात आणि पैसे दीडपटीच्याही आत. म्हणून मध्यमवर्गीय घर चोवीस तासांचीच बाई मागतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ती चार वेळा बदलावी लागते, शिवाय ओला डायपर, तहान, आणि रात्री जागा होऊन बडबडणारा पेशंट असेल तर विचारूच नका. याचा अर्थ त्या बाईला सलग दोन तासांहून जास्त झोप नाही, आणि सकाळी सातला पुन्हा 'मावशी, चहा झाला का?' असं महिनोन् महिने कुणालाही जमणार नाही. तिसऱ्या आठवड्यात ती रात्री उठेनाशी होते, घर म्हणतं 'झोपाळू आहे', आणि पाचव्या आठवड्यात पाठीला जखम दिसते.

पेशंट हिंडता-फिरता असेल, रात्री झोपत असेल, तर राहायला असलेली एक बाई ठीक. तो अंथरुणात असेल तर एका माणसाचं चोवीस तास हे कागदावरचं गणित आहे. दोन पाळ्या परवडत नसतील तर रात्रीची दोन वाजताची कूस घरातल्या कुणीतरी घ्यावी, दुपारी तिला तीन तास दार लावून झोपू द्यावं आणि आठवड्याला एक सुटी ठरवून घ्यावी. सुटीच्या दिवशी बदली बाई कोण, हे ब्यूरोला पहिल्याच दिवशी विचारावं. 'बघू, पाठवतो' हे उत्तर म्हणजे नकार समजायचा.

ब्यूरो ही संस्थाही नीट पाहण्यासारखी आहे. बरेचदा ती एखाद्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा असते. पुढच्या खोलीत टेबल, दोन फोन आणि रजिस्टर. मागच्या खोलीत ड्यूटी सुटलेल्या आणि पुढची लागायची असलेल्या बायकांच्या वळकट्या. पैसे घ्यायच्या तऱ्हा दोन. एकात घराकडून सगळी रक्कम ब्यूरो घेतो आणि आपला वाटा कापून बाईला देतो. वाटा किती, हे घराला कळत नाही. दुसऱ्यात एकदाच कमिशन, मग पगार थेट बाईला. पहिल्यात बदली मिळण्याची निदान आशा असते, दुसऱ्यात बाईच्या हाती जास्त पडतं. मोठ्या शहरांत आता कंपन्याही आल्या आहेत. ॲप, गणवेश, महिन्याला भेट देणारी सुपरवायझर नर्स असं सगळं असतं आणि दरही त्याच मानानं. बाईच्या हातात रोजचे किती पडतात हे घरानं तिलाच विचारावं. तिला घर सोडून जावंसं का वाटतं याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. ब्यूरोच्या रजिस्टरात आणखी एक रकाना असतो, कधी लिहिलेला, कधी तोंडी: घराला कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची बाई चालेल. 'आपल्यातली आहे ना?' हा प्रश्न फोनवर अजून सर्रास विचारला जातो. मळ काढायला चालते आणि कप मात्र वेगळा, ही पुण्या-मुंबईतली आजची स्थिती आहे, आणि ती सांगताना आवाज खाली करण्याचं कारण नाही.

या ब्यूरोला परवाना कसला लागतो? दुकाने व आस्थापना कायद्याखालचा गुमास्ता, बस. त्यातही महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानं मोजकेच नोकर असतील तर नुसतं कळवलं की भागतं. शेजारी एक तुलना ठेवतो. सोसायटीच्या फाटकावर उभ्या असलेल्या रखवालदाराला पाठवणाऱ्या एजन्सीसाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे. तिला परवाना लागतो, रखवालदाराची चारित्र्य-पडताळणी लागते, आणि आदर्श नियमांत त्याच्यासाठी १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. फाटकापासून चौथ्या मजल्यावर, अंथरुणातल्या माणसाच्या तोंडात घास घालणारीसाठी यातलं काहीच नाही. २०१९च्या डिसेंबरात लोकसभेत आलेल्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि प्रशिक्षित अटेंडंट यांची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला आणि २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते आपोआप बाद झालं. मूळ २००७चा कायदा मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देतो, प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दादही मागता येते, पण रकमेची कमाल मर्यादा आहे महिना १०,००० रुपये. त्यात आज चोवीस तासांची अर्धी बाईदेखील येत नाही.

बाईच्या बाजूनंही तीच तऱ्हा. महाराष्ट्रात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणी आणि काही मदतीच्या योजना आहेत. पगार, तास, सुटी यांबद्दल मंडळ घराला काही विचारत नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार २०११चा, भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. घरकामगार कायद्याबाहेर किती राहिले आहेत, हे त्या निकालात स्वच्छ नोंदलेलं आहे.

एक कायदा मात्र लागू आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे, आणि घरात काम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. हे सांगायचं कारण असं की वृद्ध पुरुष पेशंट अंगचटीला येतात, ही या बायकांची नेहमीची तक्रार असते आणि ती घरात कुणी ऐकून घेत नाही. मेंदूच्या काही आजारांत संयम खरोखरच सुटतो. तिथे डॉक्टरांशी बोलावं लागतं, पुरुष अटेंडंट ठेवावा लागतो. कधी मात्र आजाराचा काही संबंध नसतो, आणि 'जाऊ दे, म्हातारं माणूस आहे' म्हणून घर गप्प बसतं. बाई पिशवी उचलून निघून जाते आणि ग्रुपवर येतं, 'न सांगता गेली, हल्ली असंच आहे.'

छळ उलट बाजूनंही होतो, हे लपवायचं कारण नाही. चिमटे, ओरडणं, मुद्दाम ओल्यात ठेवणं, रात्री शांत झोपावा म्हणून गोळी जास्त देणं, असे प्रकार घडतात. बोलू न शकणाऱ्या पेशंटच्या दंडावर बोटांचे निळे वळ दिसले, एखादा माणूस खोलीत येताच तो अंग आखडून घ्यायला लागला, दिवसभर गुंगीत राहू लागला, तर हे ओळखायला कॅमेरा लागत नाही. घरातल्या माणसानं रोज एकदा स्वतःच्या हातानं पेशंटचं अंग पुसलं किंवा निदान कपडे बदलले, तर सगळं दिसतं. कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हॉलमध्ये हवा तर लावा आणि तिला सांगून लावा. ज्या खोलीत आजीचे कपडे उतरतात आणि ती बाई रात्री झोपते, तिथलं चित्रीकरण परदेशातला मुलगा फोनवर बघत बसतो, ही काळजी नाही. मदतीसाठी केंद्राची ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७. मारहाण असेल तर थेट पोलीस.

पोलीस-पडताळणीचंही तसंच. आधारची प्रत, गावचा पत्ता, आधीच्या दोन घरांचे फोन घ्यावेत आणि खरंच फोन करावेत. जवळच्या ठाण्यात नोंद करावी. पण चोरीची भीती जितकी बोलली जाते तितकी ती खरी निघत नाही. बांगडी हरवली की संशय बाईवर, आणि सापडते ती आजीच्याच उशीच्या अभ्र्यात, हा अनुभव घरोघरचा. आमच्या नात्यातल्या एका घरी पाटल्या हरवल्या म्हणून बाईची पिशवी सगळ्यांसमोर उपडी केली. पाटल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या, पण त्या बाईनं त्याच संध्याकाळी ड्यूटी सोडली आणि नंतरच्या चार महिन्यांत त्या घरी कुणी टिकलं नाही. दागिने, चेकबुक, एटीएमचं कार्ड पहिल्याच दिवशी कपाटात कुलूपबंद केलं की दोन्ही बाजू मोकळ्या होतात.

स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं प्रकरण वेगळंच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री आठवतील. संस्कृतचे हे पंडित हत्तीमागून भटकत जातात. त्यांची ओळखपाळख काही नसलेली माहुताची बायको त्यांना मुलासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला शास्त्री कोण होते हे माहीत नाही, म्हणून ते आता कसे आहेत याचं तिला दुःख नाही. घरच्यांना तेच जड जातं. परक्या अटेंडंटचा हा गुण मी चांगल्या घरांतही पाहिला आहे. 'माझ्या आईला भेटायला जायचंय' म्हणणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना मुलगा सांगतो, 'अहो बाबा, आजी जाऊन चाळीस वर्षं झाली.' आजोबा रडायला लागतात. बाई म्हणते, 'जाऊ की, आधी पेज पिऊन घ्या.' ते पेज पितात. अशा पेशंटला माणसं बदलली की फार त्रास होतो. म्हणून दर महिन्याला नवी बाई पाठवणारा ब्यूरो कितीही स्वस्त असला तरी त्यांच्या कामाचा नाही.

घरात हुकूम कुणाचा, हेही ठरवावं लागतं. सून एक सांगते, ठाण्याची नणंद फोनवर दुसरं, अमेरिकेतला दीर व्हिडिओवर बघून तिसरं, आणि खुद्द आजी म्हणते, 'मला कुणी नको, हिला घालवून द्या.' पैसे एकाचे, राबणूक दुसरीची, तक्रारी तिसऱ्याच्या. बाईनं ऐकायचं ते एकाच माणसाचं, आणि तो माणूस घरात राहणारा हवा. खोलीत दोनशे पानी वही ठेवावी: रक्तदाब, साखर, गोळ्यांच्या वेळा, लघवी, शौच, किती खाल्लं, कूस कधी बदलली. जिला लिहिता येत नाही ती खुणा करते, तेही चालतं. डॉक्टर घरी आले की पहिल्यांदा ती वही मागतात. शेजारी एका कागदावर पगार, तारीख, सुटी, उचल किती आणि ती कशी फिटणार, जेवण कोणतं, झोपायची जागा कोणती, हे लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. कोर्टात त्याला फार वजन नसेल. घरात आहे.

पैशाचा भार सरकार उचलतं का? ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली पाच लाखांचं कवच मिळालं, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरच्या बाईचा पगार त्यात नाही, आणि खासगी मेडिक्लेमवाले अटेंडंटचं नाव निघालं की हात वर करतात. आयकराच्या जुन्या पद्धतीनं विवरण भरणाऱ्यांना अवलंबून असलेल्या दिव्यांग आई-वडिलांसाठी ७५ हजार आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. अर्धांगाच्या पेशंटचं दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवलं तर ती घेता येते, पण दवाखान्यात हे कुणी आपण होऊन सांगत नाही. जर्मनीनं १९९५ साली आणि जपाननं २००० साली दीर्घकाळच्या शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा आणला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकजण त्यात हप्ता भरतो. आपल्याकडे तसली चर्चादेखील नाही.

प्रशिक्षणाच्या वाटा मात्र आहेत. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा घरगुती शुश्रूषेचा अभ्यासक्रम आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं रुग्णसहाय्यकाचा चालवला. गंमत अशी की शिकलेल्या बाईची किंमत आपल्याआधी परदेशाला कळली. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्गशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात शुश्रूषेचं कामही आहे. त्याच वर्षी इस्रायलनं भारताकडे पाच हजार केअरगिव्हर मागितले. अट होती दहावी, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कामासह ९९० तासांचं प्रशिक्षण. जिच्याकडे ते आहे ती परभणीहून पुण्याला कशाला थांबेल?

महाराष्ट्राकडे यावर उपाय नाही असं नाही, तो दुसऱ्या कामांसाठी वापरून झालेला आहे. १९६९च्या माथाडी कायद्यानं हमालांसाठी आणि १९८१च्या कायद्यानं खासगी सुरक्षा रक्षकांसाठी मंडळं आली. मालक पगारावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळतात, मालक बदलला तरी कामगाराची नोंद एकच राहते. या मंडळांच्या कारभाराबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते इथे नको. पण पेशंटवाल्या बाईची अडचण नेमकी तीच: तिचा मालक दर आठ-दहा महिन्यांनी बदलतो, कारण पेशंट जातो. ज्या दिवशी पेशंट 'ऑफ' झाला त्या दिवशी ड्यूटी संपली, पगार त्या तारखेपर्यंतचा. काही घरं दिवस होईपर्यंत ठेवून घेतात, साडी आणि महिन्याचा पगार देतात, काही त्याच रात्री रिक्षा बोलावतात. तसं मंडळ झालं तर लेव्हीचा बोजा अखेर घरावरच येईल आणि पंचवीस हजारांची बाई तीस हजारांची होईल. ओरड होणार, आणि ओरडणाऱ्यांत आपणच असू. पण ब्यूरो आज जो वाटा न दाखवता कापतो, तो पावतीवर आणला तर त्यातला बराचसा भाग तिथूनच निघेल.